सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली आणि एनर्जी ड्रिंक: कॅनमधलं काय कामाला येतं, काय नाही

एनर्जी ड्रिंक प्यायल्यानं सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीचा खेळ सुधारतो का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. तिचं वजन किती, वय किती, ती मैदानात कुठं उभी राहते आणि सामना दिवसाच्या कोणत्या वेळी आहे, एवढं कळल्याशिवाय काही सांगता येत नाही. शाळकरी मुलींपुरतं माझं मत मात्र पक्कं आहे आणि ते आधीच सांगते: त्यांनी सामन्याआधी हे कॅन उघडू नयेत. प्रौढ खेळाडूंच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. तिथं थोडा फायदा खरोखर दिसतो, पण तो बहुतेकींना वाटतो तिथं नसतो आणि वाटतो तेवढ्या मात्रेत मिळत नाही.

कॅनच्या आत

रेड बुलच्या २५० मिलिलिटरच्या नेहमीच्या कॅनमध्ये साधारण ८० मिलिग्रॅम कॅफिन, २७ ग्रॅम साखर, १ ग्रॅम टॉरीन आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं असतात. मॉन्स्टरच्या ४७३ मिलिलिटरच्या कॅनमध्ये कॅफिन १६० मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि साखर ५० ग्रॅमच्या वर जाते. देशागणिक हे आकडे थोडे बदलतात. याहून तीव्र पेयंही मिळतात, एकाच कॅनमध्ये ३०० मिलिग्रॅम कॅफिन असलेली.

या यादीतलं खेळावर परिणाम करणारं मुख्य द्रव्य एकच, ते म्हणजे कॅफिन. बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. टॉरीन आपलं शरीर स्वतः तयार करतं आणि मांस-मासळीतूनही ते मिळतं. दमश्वासाच्या व्यायामात त्याचा काही उपयोग होत असल्याचे संकेत आहेत, पण तीन सेकंदांच्या धावेसाठी त्यावर विसंबावं असा भक्कम पुरावा नाही. ब गटातली जीवनसत्त्वं अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेत लागतात हे खरं. मात्र शरीरात त्यांची कमतरता नसेल तर जास्तीची जीवनसत्त्वं घेऊन वेग वाढत नाही, त्यातली बहुतेक लघवीवाटे निघून जातात. ग्वाराना हा शब्द डब्यावर दिसला तर मात्र थांबून वाचावं. ग्वारानाच्या बियांत कॅफिनच असतं, तेही भरपूर. तेव्हा डब्यावरचा कॅफिनचा आकडा एकूण आहे की ग्वारानातलं कॅफिन वेगळं, हे तपासायला हवं.

साखरेचा मुद्दा थोडा मोठा आहे, कारण इथं दोन वेगळ्या पेयांची गल्लत होते. खेळताना घामावाटे गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी जे स्पोर्ट्स ड्रिंक असतं, त्यात साखर साधारण ६ ते ८ टक्के असते आणि कॅफिन सहसा नसतं. एनर्जी ड्रिंकमध्ये साखर जवळपास ११ टक्के असते. इतकं गोड द्रावण पोटातून पुढं सरकायला जास्त वेळ घेतं. त्यावर वायू भरलेला. असं पेय पिऊन धावलं की पोट जड होणं, ढेकर येणं, मळमळणं हे अनेकींच्या अनुभवाचं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, २०११ साली या दोन पेयांतला फरक मुद्दाम स्पष्ट केला आणि एनर्जी ड्रिंकला मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या आहारात जागा नाही असं सांगितलं. तरीही दोन्ही पेयं एकाच फ्रीजमध्ये शेजारी-शेजारी ठेवलेली असतात, आणि तहान लागलेली मुलगी कुठलाही कॅन उचलते.

कॅफिन शरीरात करतं काय

आपण जागे असताना मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. ते मेंदूतल्या ठरावीक ग्राहींवर जाऊन बसलं की आपल्याला थकवा जाणवतो, झोप येऊ लागते. कॅफिनची रचना अडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती आहे की ते त्याच ग्राहींवर जाऊन बसतं आणि अडेनोसिनला जागाच उरत नाही. परिणामी सावधपणा वाढतो, मेहनत नेहमीपेक्षा हलकी वाटते, दुखणं थोडं कमी जाणवतं. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. थकवा गेलेला नसतो, स्नायूंना नवं इंधन मिळालेलं नसतं. थकव्याची खबर तेवढी मेंदूपर्यंत पोचत नसते.

प्यायल्यानंतर साधारण अर्धा ते एक तासात रक्तातलं कॅफिन सर्वांत जास्त असतं. मग यकृत ते हळूहळू संपवतं. निम्मं कॅफिन निघून जायला सरासरी पाच तास लागतात. कोणाला तीन, कोणाला सात. या पाच तासांच्या आकड्याकडे पुढं पुन्हा यावं लागणार आहे.

कॅफिन उत्तेजक द्रव्य आहे का? खेळाच्या नियमांनी यावर बाजू बदललेली आहे. १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं कॅफिनला प्रतिबंधित यादीत घातलं होतं. लघवीतलं प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं तर तो गुन्हा होता. २००४ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे वाडानं, ते यादीतून काढलं. आज त्यावर बंदी नाही, पण वापरावर लक्ष ठेवण्याच्या कार्यक्रमात ते आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेत, एनसीएएमध्ये, अजूनही मर्यादा आहे: लघवीच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १५ मायक्रोग्रॅम. सॉफ्टबॉलचं सर्वांत गजबजलेलं महाविद्यालयीन विश्व तिथलंच असल्यानं तिथं खेळायला जाणाऱ्या मुलींनी हा नियम माहीत करून घ्यावा.

किती कॅफिन, किती किलोला

आता हिशेबाकडे. कॅफिनचा परिणाम खेळाडूच्या वजनावर ठरतो. क्रीडापोषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०२१ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन सांगितलं की शरीराच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन घेतल्यावर कामगिरीत सुधारणा सातत्यानं दिसते. काहींच्या बाबतीत २ मिलिग्रॅमलाही फरक पडतो. ९ मिलिग्रॅमपर्यंत गेलं तर फायदा वाढत नाही, त्रास मात्र वाढतो.

खेळाडूचं वजन ५५ किलो धरू. किलोमागे ३ मिलिग्रॅम म्हणजे १६५ मिलिग्रॅम. २५० मिलिलिटरच्या एका कॅनमधून तिला ८० मिलिग्रॅम मिळतात, म्हणजे किलोमागे दीडहूनही कमी. परिणाम व्हायला दोन कॅन लागतील आणि त्याबरोबर ५४ ग्रॅम साखर पोटात जाईल.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन १५ महिला फुटबॉलपटूंना धावण्याच्या चाचणीच्या तासभर आधी एकदा रेड बुलचा एक छोटा कॅन आणि एकदा तसंच दिसणारं, पण कॅफिन नसलेलं पेय दिलं. कॅफिन किलोमागे सुमारे १.३ मिलिग्रॅम पडलं. पुन्हा पुन्हा वेगानं धावण्याच्या त्यांच्या वेळेत काहीच फरक पडला नाही. मग २०१४ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी १८ महिला फुटबॉलपटूंना किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफिन असलेलं एनर्जी ड्रिंक दिलं. या वेळी उडीची उंची वाढली, धावांचा वेग वाढला, सामन्यात धावलेलं एकूण अंतरही वाढलं. २०१५ मध्ये अव्वल दर्जाच्या महिला व्हॉलीबॉलपटूंवर तशीच मात्रा वापरली गेली, तेव्हा स्मॅशचा वेग आणि उडी दोन्ही सुधारली.

ही सुधारणा केवढी? उडी तीनएक टक्क्यांनी उंच. पहिल्या बेसवर, म्हणजे बॅटरनं धावून गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, पाय आणि चेंडू एकाच वेळी पोचतात अशा खेळात एवढ्यानंही निकाल फिरू शकतो, म्हणून तिला किरकोळ म्हणता येणार नाही. पण तो कॅनवरच्या चित्रात दिसणारा चमत्कारही नाही.

आता या हिशेबाची दुसरी बाजू पाहा. मला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये कॅफिनच्या सुरक्षित मर्यादा सांगितल्या. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅम. मुलं आणि किशोरवयीनांसाठी दिवसाला किलोमागे ३ मिलिग्रॅम. म्हणजे ज्या मात्रेपासून खेळात फायदा खात्रीनं दिसू लागतो, नेमकी तीच मात्रा किशोरवयीन मुलीची अख्ख्या दिवसाची कमाल मर्यादा आहे. ४५ किलो वजनाच्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी ती १३५ मिलिग्रॅम. त्यात चहा, कॉफी, कोला, चॉकलेट सगळं आलं. अर्धा लिटरचा एक कॅन तिनं रिकामा केला की मर्यादा ओलांडली. मर्यादेच्या आत राहायचं म्हणून छोटा कॅन घेतला तर मात्रा इतकी कमी पडते की उपयोगाची खात्री नाही. शाळकरी मुलींबद्दल माझं मत पक्कं आहे ते या एका आकड्यामुळं.

सॉफ्टबॉलला नेमकं काय लागतं

फुटबॉलमधले निष्कर्ष उचलून सॉफ्टबॉलला लावताना जपून राहायला हवं. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचरची, म्हणजे चेंडू टाकणारीची, पट्टी बॅटरजवळच्या होम प्लेटपासून ४३ फूट, म्हणजे सुमारे १३.१ मीटर असते. बेसमधलं अंतर ६० फूट, सव्वाअठरा मीटर. होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंतची धाव चपळ खेळाडू तीन सेकंदांच्या आत-बाहेर संपवते. सात इनिंगच्या सामन्यात अशा पूर्ण वेगाच्या धावा एकीच्या वाट्याला मोजक्याच येतात आणि दोन धावांमध्ये भरपूर विश्रांती मिळते.

तीन सेकंदांच्या धावेचं इंधन स्नायूंत आधीच साठवलेलं असतं: एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट. विश्रांतीत ते पुन्हा भरतं. नीट जेवून आलेल्या खेळाडूच्या बाबतीत एका सामन्यात साखरेचा साठा संपून ती गळून गेली, असं सहसा होत नाही. म्हणून कॅनमधल्या २७ ग्रॅम साखरेला पहिल्या सामन्यात फारसं काम नसतं. दिवसात दोन-तीन सामने असतील तर मधल्या वेळेत पिष्टमय पदार्थ खायलाच हवेत, पण ते ताटातून किंवा फळातून आलेले बरे.

खरा प्रश्न डोळ्यांचा आणि हातांचा आहे. ताशी १०५ किलोमीटर वेगानं सुटलेला चेंडू प्लेटपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद घेतो. एवढ्या वेळात बॅटरला चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि बॅट आणायची. कॅफिननं साध्या प्रतिक्रियेचा वेळ कमी होतो, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे: दिवा लागला की बटण दाबा, अशा चाचण्यांत. पण बॅटरचं काम तेवढंच नाही. पिचर तिला फसवायला बसलेली असते. राइज बॉलच्या, म्हणजे वर उसळत येणाऱ्या वेगवान चेंडूच्या, पाठोपाठ त्याच हातानं, त्याच हालचालीत ती संथ चेंजअप टाकते आणि उतावीळ बॅटर चेंडू यायच्या आत बॅट फिरवून मोकळी होते. इथं वाट बघता येणं हे कौशल्य आहे. उत्तेजना थोडी वाढली तर कामगिरी सुधारते आणि फार वाढली तर बिघडते, हे मानसशास्त्रात १९०८ पासून माहीत आहे; बारकाव्याच्या कामात हे बिघडणं लवकर सुरू होतं. आधीच हृदय धडधडत असलेल्या, अंतिम सामन्याच्या दडपणाखाली असलेल्या बॅटरला वरून कॅफिन देणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. तीच मुलगी कंटाळवाण्या दुपारी, साखळीतल्या बिनमहत्त्वाच्या सामन्यात सुस्तावली असेल, तर थोड्या कॅफिननं ती जागी होईल.

बास्केटबॉलमधला एक प्रयोग इथं उपयोगी पडतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात किशोरवयीन खेळाडूंना किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफिनचं एनर्जी ड्रिंक दिलं होतं. त्यांची उडी वाढली, पण बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची अचूकता जशीच्या तशी राहिली. ताकद आणि नेम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सॉफ्टबॉल बराचसा नेमाचा खेळ आहे.

मैदानातल्या जागेनुसारही फरक पडतो. आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात, उभ्या असलेल्या मुलीकडे कित्येक इनिंगमध्ये एकही चेंडू येत नाही, आणि आला की पहिल्या पावलाला उशीर चालत नाही. लांबलेल्या निष्क्रियतेत लक्ष टिकवणं हे कॅफिनचं सर्वांत भरवशाचं काम आहे, तेव्हा संघातल्या कोणाला त्याचा उपयोग व्हायचाच तर तो तिला. पिचरचं गणित याच्या उलट. तिच्या मनगटाचा शेवटचा झटका आणि बोटांचा चेंडूवरचा दाब यावर चेंडू वळतो. कॅफिनची मात्रा वाढली की हाताला बारीक कंप सुटतो, आणि तिच्या हाताला तो परवडत नाही. बॅटरच्या मागं बसून चेंडू झेलणारी कॅचर या दोघींच्या मध्ये कुठंतरी येते: दर चेंडूला लक्ष, दर चेंडूला उठबस, आणि दुसऱ्या बेसवर फेकायची वेळ आली की क्षणात निर्णय. तिच्या बाबतीत सराव सामन्यात करून पाहिल्याशिवाय काहीच बोलू नये.

झोपेचा हप्ता

सॉफ्टबॉलच्या स्पर्धा तीन-चार दिवसांत उरकतात. सामने सकाळी, संध्याकाळी, कधी दिव्यांच्या उजेडात. महिलांच्या ऑलिंपिक सॉफ्टबॉलमधलं सर्वांत गाजलेलं उदाहरण आठवा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोनं दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले. २० ऑगस्टला अमेरिकेविरुद्ध हार, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२ इनिंग चाललेला विजय आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात अमेरिकेवर ३-१ अशी मात. इतकं टोकाचं ओझं सगळ्यांवर येत नाही, पण लागोपाठच्या सामन्यांचं स्वरूप शालेय स्पर्धेतही हेच असतं. अशा खेळात पहिला सामना कसा खेळली याइतकंच मधल्या रात्री किती झोपली हे मोलाचं.

आता तो पाच तासांचा आकडा. संध्याकाळी सातच्या सामन्यासाठी सहा वाजता १६० मिलिग्रॅम कॅफिन घेतलं तर रात्री अकराला त्यातलं ८० मिलिग्रॅम अंगात शिल्लक असतं. म्हणजे झोपायला जाताना छोटा कॅन पूर्ण प्यायल्यासारखंच. २०१३ मधल्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननं झोप तासाभराहून जास्त कमी केली होती. मात्रा मोठी होती हे मान्य, पण सहा तासांचं अंतर कमी पडलं ही गोष्ट उरतेच. किशोरवयीन मुलींना रात्री आठ ते दहा तास झोप लागते. ती तुटली की सकाळी जड वाटतं, जड वाटलं की पुन्हा कॅन, आणि तिसऱ्या दिवशीच्या उपांत्य सामन्यापर्यंत हे चक्र पक्कं बसतं. संध्याकाळच्या सामन्याला कॅफिन नको, एवढा एकच नियम संघानं पाळला तरी निम्मा प्रश्न सुटेल असं मला वाटतं.

उलट बाजूही सांगायला हवी. झोप मोडलेलीच असेल, रात्रभर प्रवास करून सकाळी मैदानात उतरायचं असेल, तर कॅफिनचा उपयोग ताज्यातवान्या खेळाडूपेक्षा जास्त होतो. २०११ मधल्या एका अभ्यासात कमी झोपलेल्या रग्बीपटूंचे पास चुकू लागले होते. कॅफिन दिल्यावर त्यांची अचूकता टिकली. ते पुरुष होते आणि खेळ वेगळा होता, तरी सकाळच्या सामन्याला प्रौढ खेळाडूंनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

बायकांच्या शरीरात काही वेगळं होतं का

वजनाच्या प्रमाणात सारखी मात्रा दिली तर स्त्रियांना कॅफिनचा फायदा साधारण पुरुषांइतकाच होतो. मासिक पाळीच्या वेगवेगळ्या टप्प्यांतही त्यात मोठा फरक दिसत नाही. पण पुरुषांवरच्या प्रयोगांतून आलेला ‘एक मोठा कॅन’ ८० किलोच्या माणसाला जसा पडतो, तसा ५० किलोच्या मुलीला पडत नाही. तिच्यासाठी तीच मात्रा दीडपटीहून जास्त होते.

गर्भनिरोधक गोळ्यांचा विषय सहसा कोणी काढत नाही, तो काढायलाच हवा. पाळी नियमित करण्यासाठी किंवा स्पर्धेची तारीख टाळण्यासाठी अनेक खेळाडू हार्मोनच्या गोळ्या घेतात. तोंडावाटे घ्यायच्या या गोळ्या सुरू असताना यकृत कॅफिन फार संथपणे संपवतं; निम्मं व्हायला लागणारा वेळ जवळपास दुप्पट होतो. दुपारी दोनला प्यायलेला कॅन अशा मुलीच्या अंगात मध्यरात्रीही निम्म्यानं उरलेला असू शकतो. मैत्रिणीला जे पचतं ते आपल्याला का झोपू देत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथं सापडतं. गरोदरपणातही कॅफिन संथ गतीनं संपतं, आणि त्या काळात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं असा सल्ला दिला जातो.

विश्वासाचा वाटा आणि हृदयाचा प्रश्न

कॅन घेतल्यावर खेळ सुधारला असं सांगणाऱ्या मुली खोटं बोलत नसतात. २००६ मध्ये सायकलपटूंवर झालेल्या एका छोट्या पण बोलक्या प्रयोगात सगळ्यांना कॅफिनविरहित गोळीच दिली होती. आपल्याला जास्त कॅफिन मिळालं असं ज्या वेळी त्यांना वाटलं त्या वेळी त्यांची ताकद ३.१ टक्क्यांनी वाढली, मध्यम मिळालं असं वाटलं तेव्हा १.३ टक्क्यांनी वाढली, आणि काहीच मिळालं नाही असं वाटलं तेव्हा ती नेहमीपेक्षा घसरली. कॅफिनचा कणही नव्हता. खेळाडूच्या मनात ठसलेला एखादा विधी, ठरावीक सराव, हाताला पट्टी बांधण्याची तीच पद्धत यांनीही असाच आधार मिळतो, आणि तो रात्रीची झोप मागत नाही.

हृदयाबाबत मात्र सैल राहून चालणार नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३४ निरोगी तरुण प्रौढांनी तासाभरात जवळपास एक लिटर एनर्जी ड्रिंक प्यायलं. चार तासांनी त्यांच्या हृदयाच्या आलेखातला क्यूटी कालावधी, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ, ६ ते ७.७ मिलिसेकंदांनी लांबलेला आढळला. रक्तदाबही वाढला होता. निरोगी माणसाला एवढ्यानं काही होत नाही. पण हा कालावधी जन्मतःच लांब असलेल्या काही व्यक्ती असतात, आणि पुष्कळदा त्यांना स्वतःला ते ठाऊक नसतं. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, खेळताना कधी भोवळ येऊन पडल्याचा अनुभव असेल, छातीत अनियमित ठोके जाणवत असतील, तर त्या खेळाडूनं एनर्जी ड्रिंकला हात लावू नये आणि आधी हृदयरोगतज्ज्ञाकडून आलेख काढून घ्यावा. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) किंवा दम्याची काही औषधं सुरू असतील तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कॅफिननं शरीरातलं पाणी कमी होतं ही भीती मात्र फाजील आहे. माफक मात्रेत, खेळताना, तसं फारसं होत नाही. दातांचं नुकसान खरं आहे: ही पेयं चांगलीच आम्लधर्मी असतात, आणि घोट-घोट करत सात इनिंगभर ती पिणाऱ्या मुलीच्या दातांवरचं कवच झिजतं.

प्रौढ खेळाडूला करून पाहायचंच असेल तर

पहिला प्रयोग सामन्याच्या दिवशी कधीच करू नये. सरावाच्या दिवशी, सकाळी, हलकं खाऊन झाल्यावर, किलोमागे २ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी. ६० किलोला १२० मिलिग्रॅम. तासाभरानं नेहमीचाच सराव करावा आणि मोजता येईल ते मोजावं: पहिल्या बेसपर्यंतची वेळ, पिचरनं वीस चेंडूंपैकी किती हव्या त्या जागी टाकले, बॅटरनं स्ट्राइक झोनबाहेरचे, म्हणजे सोडून द्यायचे, किती चेंडू उगाच मारायला घेतले. त्या रात्री झोप कधी लागली तेही लिहून ठेवावं. असे दोन-तीन दिवस कॅफिनचे आणि तेवढेच बिनकॅफिनचे, आणि शक्य असेल तर आज कोणता दिवस आहे हे खेळाडूला न सांगता. वेळ सुधारली पण नेम बिघडला, तर पिचरनं तिथंच थांबावं. साखर नको असेल तर बिनसाखरेचं पेय किंवा साधी कॉफीही चालते, कॅफिन तेच. फक्त कॉफीत ते किती उतरलं याचा नेमका आकडा हाती येत नाही.

डबे निवडताना ‘एनर्जी ब्लेंड’ असं मोघम लिहून घटकांची वेगवेगळी मात्रा लपवणारं उत्पादन स्पर्धात्मक खेळाडूनं घेऊ नये. कॅफिनवर बंदी नसली तरी अशा मिश्रणात आणखी काय आहे याची जबाबदारी उत्तेजक चाचणीत तिच्यावरच येते.

आणि प्रशिक्षकांनी, पालकांनी एक गोष्ट करावी. मुलीच्या पिशवीत रोज कॅन दिसू लागला तर तो काढून घेण्याआधी ती इतकी का दमते हे शोधावं. वाढीच्या वयातल्या खेळाडू मुलींमध्ये लोहाची कमतरता सर्रास आढळते, आणि पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर ती आणखी खोल जाते. कित्येकदा हिमोग्लोबिन ठीक दिसतं पण लोहाचा साठा आटलेला असतो. त्यासाठी फेरिटिनची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. दुसरं कारण कमी खाणं. सराव वाढला आणि जेवण तेवढंच राहिलं, किंवा वजन उतरवण्यासाठी मुद्दाम कमी केलं, तर शरीर काटकसर सुरू करतं: पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, दुखापती भरून यायला वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस (खेळातली सापेक्ष ऊर्जाकमतरता) असं नाव देऊन तिची लक्षणं सांगितली. या दोन्हींत खेळाडूला पहिल्यांदा जाणवतो तो न जाणारा थकवा, आणि कॅफिन नेमका तोच झाकतं. म्हणून मुलीला विचारावं: रात्री किती वाजता झोप लागते, सकाळी सरावाआधी काय खाल्लंस, पाळी शेवटची कधी आली. तीन महिने आली नसेल, तर पुढचा मुक्काम डॉक्टरांकडे.